तिसरी चढाई कोणी करायची?

कबड्डीची मॅच टीव्हीवर चालू असली की एक क्षण असा येतो, जेव्हा घरातलं कोणीतरी आपोआप रिमोट उचलून आवाज वाढवतं. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या असतात. पडद्यावर 'डू ऑर डाय' झळकतं. आता जो जाईल त्याने गुण आणायचा, नाहीतर बाद होऊन बाहेर बसायचं. मधला रस्ता नाही. आणि कॅमेरा एकेका गड्याच्या चेहऱ्यावरून फिरायला लागतो... जाणार कोण?

आपली पहिली अपेक्षा अशी की संघातला सगळ्यात भारी चढाईपटू जाईल. एवढे पैसे मोजून घेतलाय, तो नाही जाणार तर कोण? पण चार मॅच नीट बघा. पुष्कळदा तो जात नाही. तो मागे कमरेवर हात ठेवून उभा असतो, आणि ज्याचं नाव आपल्याला धड आठवतही नाही असा दुसरा किंवा तिसरा चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो.

असं का? हे कुठून आलं? आणि यात त्या दुसऱ्या-तिसऱ्या गड्याचं काय होतं? आजचा शनिवार यावर घालवायचा विचार आहे. (शनिवार घालवायचे याहून उपयुक्त मार्ग आहेत असं आमच्या घरातल्या दुसऱ्या पक्षाचं मत आहे. असो.)

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आधी पडला तो अमेरिकन फुटबॉल बघताना. २००४ साली कंपनीने मला पिट्सबर्गला ऑनसाइट पाठवलं होतं. तिथे सोमवारी सकाळी ऑफिसात दुसरा विषयच नसायचा. आपल्याला हा खेळ माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, ते जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत करत समोरची शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. बॉल छातीशी धरून पळणाऱ्याला 'रनिंग बॅक' म्हणतात. यातला शेवटचा एक यार्ड सगळ्यात महाग, कारण समोरचे अकराच्या अकरा जण त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने उभे राहतात.

त्या सप्टेंबरात मोसमाची पहिली मॅच झाली, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध ओकलंड रेडर्स. दुसऱ्या दिवशी पेपरात जेरोम बेटिस नावाच्या गड्यासमोर आकडे होते: बॉल घेऊन पळाला पाच वेळा, एकूण अंतर एक यार्ड, टचडाऊन तीन. मला वाटलं छपाईची चूक आहे. एक यार्ड पळून तीन टचडाऊन? शेजारच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने समजावलं. दिवसभर मधल्या मैदानात ढोरमेहनत करायला डूस स्टॅली नावाचा दुसरा गडी होता. तो बॉल रेषेच्या तोंडाशी आणायचा, आणि मग धिप्पाड, अनुभवी बेटिसला आत बोलवायचे. शेवटचा धक्का त्याचा. बेटिसचं टोपणनावच मुळी 'द बस' होतं. :-)

मग मोठा कोण? नव्वद यार्ड खेचणारा, की शेवटचा अर्धा यार्ड ढकलणारा? लोक तिथे यावर तावातावाने भांडत. मला मात्र ते ऐकताना राहून राहून आमच्या खानदेशातल्या कबड्डीची आठवण यायची. कारण हाच प्रश्न आपल्या खेळात आहे, आणि जास्त कडू स्वरूपात आहे. तिकडे शेवटचा यार्ड नाही जमला तर पुढच्या वेळी पुन्हा बघू म्हणता येतं. कबड्डीत तिसरी चढाई फसली तर गडी मैदानाबाहेर जातो.

आता थोडं मागे जाऊ.

कबड्डीचे नियम महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास बांधले गेले, ते १९२३ साली छापून आले, आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे जाऊन खेळाची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घातलं (त्यांचा वाढदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात) आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. हा इतिहास तुम्ही कुठेतरी वाचलाच असेल, म्हणून भरभर सांगितला.

आपल्या कामाची गोष्ट त्याच्या पोटात आहे. नियम एकसारखे होण्याआधी हा खेळ मुख्यतः तीन प्रकारांनी खेळला जायचा: संजीवनी, गामिनी आणि अमर. नावं कशी झकास आहेत बघा. आणि नावातच नियम आहे.

गामिनीत बाद झालेला गडी गेला तो गेला. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने बाहेरच बसायचं. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो. आज आपण जी कबड्डी बघतो ती ही. आणि अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. समोरच्याला फक्त गुण मिळतो, गडी मैदानातच.

आता स्वतःला कर्णधाराच्या जागी ठेवा. तुमच्याकडे एक वाघ आहे आणि बाकीचे बरे आहेत. चढाई धोक्याची आहे. कोणाला पाठवाल?

अमर खेळत असाल तर विचार करायचं कारणच नाही, वाघाला पाठवा, दरवेळी वाघालाच पाठवा. पकडला गेला तरी तो मैदानातच राहणार. गामिनी खेळत असाल तर वाघाला धोक्याच्या चढाईवर पाठवणं म्हणजे घरातला एकुलता एक बैल पुरात घालण्यासारखं. तो गेला की लोण चढेपर्यंत गेला. तिथे आधी दुसऱ्या कोणालातरी पुढे करायचं. संजीवनी या दोन टोकांच्या मधे. वाघ गेला तर परत येईल, पण कधी येईल ते आपल्या हातात पूर्णपणे नाही. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो, रांग मोडता येत नाही.

म्हणजे धोक्याची चढाई कोणाच्या वाट्याला जाते हे शौर्यावर कमी आणि 'बाहेर बसण्याची किंमत काय' यावर जास्त ठरतं. ती किंमत ठरवतात नियम.

शेवटी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पुढचे आकडे मी गृहीत धरलेत, कुठल्या खऱ्या संघाचे नाहीत. समजा, तिसऱ्या चढाईत वाघाला गुण मिळण्याची शक्यता १०० पैकी ५५, आणि दुसऱ्या गड्याची ४५. नुसतं एवढंच पाहिलं तर वाघच जायला हवा. पण वाघ बाद झाला तर तो, समजा, आपल्या पाच चढायांपुरता बाहेर बसेल. तो मैदानात असताना बदली गड्यापेक्षा दर चढाईला ०.३ गुण जास्त आणतो. म्हणजे त्याच्या बाहेर बसण्याचा तोटा दीड गुण. दुसऱ्या गड्याच्या बाबतीत तोच तोटा, दर चढाईला ०.०५ धरून, पाव गुण.

वाघाला पाठवलं तर हिशोब असा: ५५ टक्के वेळा एक गुण मिळवला, ४५ टक्के वेळा एक गुण गमावला, शिवाय ४५ टक्के वेळा दीड गुणाचा तोटा. बेरीज साधारण वजा ०.५८. दुसऱ्याला पाठवलं तर बेरीज साधारण वजा ०.२४. दोन्हीकडे तोटाच आहे, पण दुसऱ्याला पाठवण्यात तो निम्म्याहून कमी आहे. तिसरी चढाई ही मुळात संकटातलीच चढाई; त्यातून कमीत कमी मार खाऊन बाहेर पडायचं असतं.

आता मजा बघा. मॅचची शेवटची चढाई असेल तर बाहेर बसण्याचा तोटा शून्य, कारण पुढे खेळच नाही. मग वाघाचा हिशोब अधिक ०.१०, आणि दुसऱ्याचा वजा ०.१०. निकाल उलटला! म्हणजे दहाव्या मिनिटाला ज्या चढाईवर दुसऱ्याला पाठवणं शहाणपणाचं, त्याच चढाईवर चाळिसाव्या मिनिटाला वाघाने स्वतः जायला हवं. एकच गडी, एकच मैदान, फक्त घड्याळ बदललं.

हे गणित कुठल्याही गावातल्या कर्णधाराला कागदावर मांडायची गरज नव्हती. आमच्याकडे, म्हणजे धरणगाव-अमळनेर पट्ट्यातल्या खेड्यांत, लहानपणी आम्ही जी कबड्डी खेळायचो (म्हातारी माणसं अजून हुतूतूच म्हणायची) ती बरीचशी गामिनीसारखी होती. मेला तो मेला, सगळे मरेपर्यंत बाहेर बस. काळ्या मातीत पाय फुटायचे, म्हणून कोणाच्या तरी खळ्यात आखणी व्हायची. आखाजीच्या सुट्टीत तर दिवसदिवस. आणि समोर चांगले पाच-सहा दांडगे उभे असले की आमचा मोठा चुलतभाऊ, ज्याला सगळे आप्पा म्हणायचे, मागे वळून विचारायचा, "आते कोन जाई रे भो?"

विचारायचा म्हणजे काय, ठरलेलंच असायचं. सगळ्यात लहान जो असेल तो. त्या संघात बरीच वर्षं सगळ्यात लहान मी होतो. :-) मला काही वाटायचं नाही, उलट खेळायला मिळतंय याचाच आनंद. दोन मिनिटांत पाय धरून आडवा केलेला मी खळ्याच्या कडेला धूळ झटकत बसायचो, आणि मला आडवं करण्याच्या नादात समोरच्यांची साखळी कुठून सुटते, डावा कोपरा किती पुढे येतो, हे आप्पाने बघून ठेवलेलं असायचं. मग तो जायचा आणि दोघांना मारून यायचा. संध्याकाळी ओट्यावर बायका-माणसं म्हणायची, आप्पाने आज दोघं मारले. हे अगदी खरंच होतं. त्याच्या आधी कोण मेला, हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

यात एक गोष्ट लपलेली आहे. गणित म्हणतं, ज्याच्या बाहेर बसण्याने तोटा कमी त्याला धोक्यात घाला. ठीक. पण ज्याला कायम धोक्यातच घातलं जातं तो कायम बादच होत राहतो, त्याचे गुण कमी राहतात, आणि कमी गुण पाहून सगळे म्हणतात की बघा, याच्या बाहेर बसण्याने फारसा तोटा नाही. चक्र पूर्ण! प्रोग्रॅमर मंडळींना हे ओळखीचं वाटेल. जो आकडा आपण निर्णयासाठी वापरतो, तो आकडा त्याच निर्णयातून तयार होत असतो.

आणि हे फक्त सात जणांच्या संघात होत नाही. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याची फाळणी होऊन धुळ्याचा पश्चिम खानदेश आणि जळगावचा पूर्व खानदेश झाला. पण कॉलेजं आली तेव्हा दोन्हींकडची कॉलेजं पुढे पुणे विद्यापीठाखाली होती. म्हणजे धुळ्या-जळगावच्या पोराला विद्यापीठाच्या संघात जायचं तर थेट पुण्या-नगर-नाशिकच्या पोरांशी स्पर्धा. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं (२०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे), आणि एका फटक्यात इथल्या मुलांसाठी विद्यापीठाचा एक अख्खा संघ तयार झाला. त्या वर्षी इथल्या मुलांचे पाय काही अचानक चपळ झाले नव्हते. चढाया वाटण्याची पद्धत बदलली होती.

असो, मूळ मुद्द्यावर येतो.

जुन्या खेळात आघाडीवर असलेल्या संघाला एक सोय होती. गडी जायचा, निदानरेषा ओलांडायचा, दम घेत थोडा इकडे-तिकडे नाचायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. ना गुण, ना तोटा, वेळ मात्र गेला. प्रेक्षक शिव्या घालायचे. तिसऱ्या चढाईचा नियम हा या दुखण्यावरचा उतारा: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा नियम घराघरात पोचला.

नियमाचा हेतू खेळ वेगवान करणं एवढाच होता. पण त्यातून एक नवीन नोकरी तयार झाली. तिसऱ्या चढाईला जाणारा गडी. त्याचं काम विचित्र आहे. बाकीच्यांना चढाईत घाई नसते. समोरचे चुकले तर गुण घ्यायचा, नाहीतर परत यायचं. याला परत यायची सोय नाही आणि हे समोरच्या सातांनाही ठाऊक आहे. ते पुढे येत नाहीत, मागे थांबून वाट बघतात. हा आपोआप खोल येणारच. हाताशी तीस सेकंद. समोर सहा किंवा सात जण असतील तर बोनस रेषेवर पाय टेकवून सुटता येतं, पण ते बचाव करणाऱ्यांनाही माहीत असल्यामुळे कोपऱ्यातला गडी त्या पायाच्या घोट्यावरच डोळा ठेवून असतो. आणि समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असतील तर पकडलं गेल्यावर त्यांना एकाऐवजी दोन गुण. म्हणजे सोपं वाटतं तेव्हा दंड दुप्पट.

आता वाटणी कशी होते ते बघू. एक टोक म्हणजे २०१७ चा पाटणा पायरेट्स. परदीप नरवालने त्या एका हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. हरियाणाविरुद्धच्या एका मॅचमध्ये एकट्याने ३४, त्यात एका चढाईत समोरचा अख्खा संघ झोपवून आठ. पाटण्याने लागोपाठ तिसऱ्यांदा विजेतेपद घेतलं. त्या संघात परदीपच्या सावलीत दुसरा चढाईपटू होता मोनू गोयत. आपल्या आठवणीत त्या हंगामाचं चित्र म्हणजे परदीपची 'डुबकी', बाकी काही नाही. पण धंदा करणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. २०१८ च्या लिलावात सगळ्यात महाग गडी ठरला तो मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख. ओट्यावरच्या गप्पांत दुसऱ्या गड्याला जागा नसते, बाजारात कधीकधी असते.

दुसरं टोक आपल्या घरचं. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिल्यांदा लीग जिंकली. त्या संघात परदीपसारखा एकखांबी तंबू नव्हता. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे... समोरच्या संघाने एकाचा अभ्यास करून यावं तर दुसराच मध्यरेषा ओलांडायचा. अंतिम सामन्यात अडकलेली गाडी पुढे ढकलली ती पंकज मोहितेने, एका चढाईत चार जण बाद करून. माझ्या गणितात बसवून सांगायचं तर या संघाने 'बाहेर बसण्याची किंमत' सगळ्यांसाठी जवळजवळ सारखी करून टाकली होती. कोणीही गेला तरी डोंगर कोसळणार नाही. मग तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचं हा प्रश्न 'कोणाचा बळी द्यायचा' असा राहतच नाही. समोर कोण उभा आहे आणि त्याच्यावर आपल्यातलं कोण चालतं, एवढाच राहतो.

आणि वाघाने स्वतः जायची वेळ? तीही बघितली आपण. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांची फायनल. समोर इराण, ज्यांनी २०१८ ला जकार्तामध्ये भारताला उपांत्य फेरीत हरवून धक्का दिला होता. गुण २८-२८, घड्याळात जेमतेम मिनिटभर, आणि भारताची तिसरी चढाई. कर्णधार पवन सेहरावत स्वतः गेला. आता बाहेर बसण्याची किंमत उरलीच नव्हती, म्हणून दुसऱ्याला पुढे करण्यात अर्थही नव्हता. पुढे जे झालं तो वेगळाच तमाशा: पवन कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्या मागे इराणचे गडीही गेले, आणि मग बाद कोण-कोण यावर जुना नियम की नवा नियम असा वाद होऊन खेळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. इराण अजूनही धुसफुसत असेल. पण कोण गेला हे लक्षात ठेवा. बाकीच्या मॅचभर ज्याला जपायचं, त्यालाच शेवटच्या मिनिटाला खर्च करायचं.

अमेरिकेत नेमकं याच ठिकाणी एकदा उलटं झालं. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल. सिएटलचा बॉल शेवटच्या रेषेपासून एक यार्डावर, मॅच संपायला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, आणि संघात मार्शॉन लिंच, त्या काळातला सगळ्यात धडाकेबाज रनिंग बॅक. अख्ख्या देशाला वाटलं बॉल लिंचकडे. प्रशिक्षकांनी पास टाकायला लावला, न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मधेच पकडला, मॅच २८-२४ ने गेली. त्या निर्णयाच्या बाजूनेही गणित मांडणारे लोक आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण लोकांना राग गणिताचा आला नव्हता. ज्याने दिवसभर रेटा लावला त्याला शेवटचा यार्ड दिला नाही, याचा आला.

याच रागाची दुसरी, गोड बाजू सांगतो. जमाल विल्यम्स नावाचा गडी २०२२ साली डेट्रॉइटकडून खेळताना या शेवटच्या यार्डांचा बादशहा होता. पळून १७ टचडाऊन केले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि त्या क्लबचा बॅरी सँडर्सचा १९९१ चा १६ चा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी तो न्यू ऑर्लिन्सला गेला आणि अख्ख्या मोसमात एकही टचडाऊन नाही. ७ जानेवारी २०२४, मोसमाची शेवटची मॅच. न्यू ऑर्लिन्स ४१-१७ ने पुढे, बॉल रेषेपासून एका यार्डावर. प्रशिक्षकाचा हुकूम: गुडघा टेका, वेळ संपवा, घरी चला. खेळाडू गुडघा टेकायच्या पवित्र्यात उभे राहिले, आणि हुकूम मोडून बॉल दिला जमालच्या हातात. टचडाऊन! समोरचा प्रशिक्षक भडकला, आपल्या प्रशिक्षकाने माफी मागितली. खेळभावनेचा विचार केला तर ते चुकीचंच होतं. पण त्या दहा जणांनी जे केलं ते मला समजतं. वर्षभर हा माणूस मधल्या मैदानात धडका खात होता आणि मोसमाच्या शेवटी त्याच्या नावापुढे शून्य राहणार होतं. आकड्यांनी जे लिहिलं नसतं ते त्यांनी एका यार्डात लिहून टाकलं.

कबड्डीत अशी दया दाखवायला जागा कमी. पण कबड्डीच्या नियमांत एक गोष्ट आहे जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते, आणि तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. बाद फेरीची मॅच बरोबरीत सुटली की टायब्रेकर होतो, दोन्हीकडून पाच-पाच चढाया. अट अशी की पाच चढाया पाच वेगवेगळ्या गड्यांनी करायच्या, आणि त्यांची नावं व क्रम आधीच पंचांकडे लिहून द्यायचा. या पाच चढायांत बाद झालेला गडी बाहेर जात नाही, सात जण कायम.

ओळखलंत? हा आपला जुना अमर प्रकार, मागच्या दाराने परत आलेला. बाहेर बसण्याची किंमत शून्य केली, म्हणजे कोणाला जपायचं कारण संपलं. पण नुसतं तेवढंच केलं असतं तर वाघ पाचही वेळा गेला असता. म्हणून पाच वेगळी नावं. नियम करणाऱ्यांनी जणू कर्णधाराला सांगितलं, तुझा संघ किती खोल आहे ते आता दाखव. पहिला सगळ्यांकडे असतो. तुझा चौथा आणि पाचवा कोण? वर्षभर ज्याला फक्त मरायला पाठवलंस, त्याचं नाव आज तुला स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचं आहे.

म्हणून मला वाटतं, धोक्याची चढाई दुसऱ्या-तिसऱ्या गड्याने करण्यात अन्याय नाही. गणित खरं आहे, आणि आप्पा मूर्ख नव्हता. अन्याय होतो तो नंतर, हिशोब लिहिताना. स्कोअरशीटवर 'चढाई अयशस्वी' एवढंच येतं. ती चढाई तिसरी होती, समोर सात जण टपून होते आणि वाघाला वाचवण्यासाठी केली होती, हे त्या रकान्यात मावत नाही. आता निदान तिसऱ्या चढायांचे वेगळे आकडे पडद्यावर येतात. त्याने चक्र थोडं तरी तुटतं. जिल्ह्याच्या निवड चाचणीत, जिथे अजूनही वहीत नुसते गुण मांडले जातात, तिथे हा एक रकाना वाढवायला फारसा खर्च येणार नाही. जळगाव-धुळ्याकडे कोणी पोरांचे संघ चालवत असेल तर करून बघा: कोणाला कितव्या चढाईला आणि समोर किती गडी असताना पाठवलं, एवढंच लिहा. महिनाभराने वही उघडा. संघात सगळ्यात कामाचा गडी कोण, याबद्दल तुमचं मत बदललं तर मला नवल वाटणार नाही.

बरंच लांबलं. रविवारी रात्री आमच्याकडे एक रिलीज आहे, आणि रात्री दोनला जागं राहून ती वर चढवायला कोण बसणार याची यादी आलीये. टीममधला सगळ्यात नवीन मुलगा आहे यादीत, नेहमीप्रमाणे. सोमवारच्या मेलमध्ये त्याचं नाव लिहायला सांगणार आहे.